होम स्क्रीन कोणाची?



मोठी स्वप्नं बघा, अपयशाला भिऊ नका, असं पदवीदान समारंभात सांगायची पद्धत आहे. ते माझ्यापेक्षा चांगलं सांगणारे पुष्कळ लोक आहेत. मी एका फसलेल्या फोनबद्दल बोलणार आहे. माझी नोकरीची सगळी वर्षं फोनच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये गेली, तेव्हा जे थोडंफार कळतं त्यावरच बोलावं हे बरं.

४ एप्रिल २०१३ रोजी कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये, फेसबुकच्या मुख्यालयात, मार्क झुकरबर्ग यांनी ‘फेसबुक होम’ जाहीर केलं. तुमच्यातले बरेच जण तेव्हा प्राथमिक शाळेत असतील. कल्पना अशी होती : फोन हातात घेतला की ॲप्सच्या रांगा दिसणार नाहीत, मित्रांचे फोटो आणि पोस्ट पडदाभर सरकत राहतील. कोणाचा मेसेज आला की त्याचा चेहरा गोल बिल्ल्यासारखा पडद्यावर तरंगेल. हे सगळं आधीच बसवलेला एचटीसीचा ‘फर्स्ट’ नावाचा फोनही सोबत आला. अमेरिकेत एटी अँड टी कंपनी तो दोन वर्षांच्या करारावर ९९ डॉलरला देत होती. १२ एप्रिलला विक्री सुरू झाली आणि महिना भरायच्या आत किंमत आली ९९ सेंटवर. ब्रिटनमधली विक्री आधी लांबली, मग बारगळली.

एवढी हुशार, एवढा पैसा असलेली मंडळी या भानगडीत पडली कशाला? तर भीतीपोटी. आणि ती भीती खरी होती, हे मी आधीच कबूल करतो.

मे २०१२ मध्ये फेसबुकचे शेअर ३८ डॉलरला बाजारात आले आणि सप्टेंबरपर्यंत १८ डॉलरच्याही खाली घसरले. लोक कॉम्प्युटर सोडून फोनवर चालले होते आणि फोनवरून आपल्याला म्हणावं असं उत्पन्न नाही, हे कंपनीनेच शेअर विकताना लिहून दिलेलं होतं. त्यात फोन दोघांच्या मालकीचे, ॲपल आणि गूगल. एखाद्याचं दुकान जोरात चालावं, पण गाळा भाड्याचा असावा, तशातली गत. नोटिफिकेशन कधी दाखवायचं, बॅकग्राउंडला काय चालू द्यायचं, लोकेशन कोणाला द्यायचं, स्टोअरमध्ये कोणाला घ्यायचं, विक्रीतून किती कापून घ्यायचं, हे सगळं ऑपरेटिंग सिस्टिमचा मालक ठरवतो. हा अधिकार किती लांब पोचतो हे जानेवारी २०१९ मध्ये दिसलं. नियम मोडून लोकांची माहिती गोळा करणारं एक ॲप फेसबुकने चालवलं म्हणून ॲपलने त्यांचं एक सर्टिफिकेट रद्द केलं. लगेच फेसबुकच्या कर्मचाऱ्यांची आयफोनवरची अंतर्गत ॲप्स बंद पडली. जेवणाचा मेन्यू आणि ऑफिसच्या बसचं वेळापत्रक दाखवणारीसुद्धा!

तर भीती खरी. पण उपाय?

स्वतःचा फोन काढणं हे आपल्यासाठी चुकीचं धोरण ठरेल, असं झुकरबर्ग २०१२ च्या सप्टेंबरमध्ये जाहीरपणे म्हणाले होते. मग सात महिन्यांत ‘होम’ कसं आलं? ती पळवाट होती. स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम लिहायची नाही, अँड्रॉइडवर आपली होम स्क्रीन चढवायची. आपण ज्याला लाँचर म्हणतो, तेच. अँड्रॉइडमध्ये ते चालतं, आयफोनमध्ये चालत नाही. म्हणजे गूगलच्या हाताखालून सुटायचं, ते गूगलने परवानगी दिलेल्या दारातून. हा विनोद त्या सभागृहात कोणाच्या लक्षात आला नसेल असं मला वाटत नाही.

फसलं ते मात्र निराळ्याच ठिकाणी. अँड्रॉइड वापरणारा माणूस आपली होम स्क्रीन हळूहळू लावत जातो. घड्याळ इथं, हवामानाचं विजेट तिथं, बँकेची ॲप्स एका फोल्डरमध्ये, अंगठा पोचतो तिथं फोन आणि कॅमेरा. ‘होम’ने ही सगळी मांडणी पुसून टाकली. त्या वेळच्या बातम्यांत असंही आलं की ते बनवणाऱ्या टीममधले बरेच जण स्वतः आयफोन वापरणारे होते. विजेट लोकांना इतकी प्रिय असतात हे त्यांना उशिरा कळलं. प्ले स्टोअरवर एकेका ताऱ्याचा पाऊस पडला. गंमत म्हणजे ‘होम’ बंद केलं की त्या एचटीसीच्या फोनमध्ये खाली स्वच्छ, बिनभेसळ अँड्रॉइड निघायचं आणि तेच काही समीक्षकांना आवडलं.

त्या सगळ्यातून एक गोष्ट मात्र वाचली : तो तरंगणारा गोल चेहरा. मेसेंजरमध्ये तो पुढे अनेक वर्षं राहिला. नकाशा बघता बघता उत्तर द्यायची सोय लोकांना हवीच होती. आणि ज्या उत्पन्नाच्या काळजीने हा सगळा खटाटोप झाला, तो प्रश्न त्याच वर्षी फोनविना सुटला. फीडमधल्या जाहिराती फोनवर नीट बसवल्या गेल्या आणि २०१३ च्या शेवटच्या तिमाहीत फेसबुकचं निम्म्याहून अधिक जाहिरात-उत्पन्न मोबाइलवरून आलं. जे काम साध्या ॲपने केलं, त्यासाठी लोकांच्या होम स्क्रीनवर चढाई करायची गरजच नव्हती.

हार्डवेअरचं दुखणं वेगळं, त्यावर थोडक्यात सांगतो. सॉफ्टवेअर खपलं नाही तर ते काढून टाकता येतं. फोन खपला नाही तर गोदामात पडून राहतो. ॲमेझॉनने २०१४ मध्ये फायर फोन आणला आणि काही महिन्यांतच त्यापायी १७ कोटी डॉलर तोट्यात दाखवले. ८ कोटी ३० लाखांचा माल तेव्हाही शिल्लक होता. चीनमध्ये टिकटॉकच्या मूळ कंपनीने, बाइटडान्सने, स्मार्टिसान या फोन-कंपनीचं तंत्रज्ञान घेऊन २०१९ मध्ये फोन काढला. लॉक स्क्रीनवर बोट वर सरकवलं की थेट व्हिडिओ सुरू. २०२१ च्या सुरुवातीला तो उद्योग त्यांनी आवरला.

आता आपल्याकडे या. २०१७ मध्ये जिओने पंधराशे रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामतीवर जिओफोन आणला. तेव्हा जिओचं जाळं फक्त फोर-जीचं होतं. जुना साधा फोन त्यावर चालणारच नव्हता. म्हणजे फोन काढण्यात कंपनीचा स्वार्थ उघड होता. पण ज्यांना स्मार्टफोन परवडत नव्हता त्यांनाही स्वस्तात इंटरनेट हवं होतं, आणि दोन्ही गरजा एकाच वस्तूत बसल्या. तरी त्या फोनवर पहिलं वर्षभर व्हॉट्सॲप नव्हतं. ते आलं सप्टेंबर २०१८ मध्ये, आणि जिओने ते वाजतगाजत सांगितलं. इथं थोडं थांबा. फोन जिओचा, जाळं जिओचं, पण त्यावर हवं ते ॲप मात्र फेसबुकचं. ज्या कंपनीचं ॲप नसेल तर फोन अपुरा वाटतो, ती कंपनी फोनशिवायही दुबळी नसते.

तुमचे संगणकशास्त्राचे प्राध्यापक इथं मला अडवतील. म्हणतील, मग २०२१ चं काय? बरोबर आहे. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ॲपलने आयफोनवर एक प्रश्न टाकला : हे ॲप इतर कंपन्यांच्या ॲप्सवर आणि वेबसाइटवर तुमचा माग काढू शकतं का? ‘हो’ म्हणा किंवा ‘नाही’. असंख्य लोकांनी ‘नाही’ दाबलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये मेटाने, म्हणजे नाव बदललेल्या फेसबुक कंपनीने, सांगितलं की यामुळे त्या वर्षी सुमारे १००० कोटी डॉलरचा फटका बसेल. दुसऱ्या दिवशी त्यांचा शेअर २६ टक्क्यांनी पडला. स्वतःचा फोन असता तर हे टळलं असतं, असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ निघाले.

मला हा युक्तिवाद उलटा वाटतो. ॲपलच्या त्या प्रश्नाच्या चौकटीत नवं असं एकच होतं : लोकांना पहिल्यांदा सरळ विचारलं गेलं. स्वतःचा फोन असता तर मेटाचं नुकसान वाचलं असतं ते केवळ विचारलं नसतं म्हणून. ॲपलचा हेतू शुद्ध होता असं माझं म्हणणं नाही. जाहिराती तीही विकते आणि याच चौकटीच्या अंमलबजावणीवरून फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणाने मार्च २०२५ मध्ये तिला १५ कोटी युरोंचा दंड केला. आपल्या स्पर्धा आयोगानेही अँड्रॉइडच्या अटींवरून ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड ठोठावला होता. मालकाची मनमानी आवरायला कायद्याचा हा रस्ता आहे. तो संथ आहे, कंटाळवाणा आहे. पण जो तो आपापला फोन काढत सुटला तर माणसाच्या खिशात मालकांची संख्या वाढते, मोकळीक वाढत नाही.

विचारणं टाळायचा मोह जुना आहे. २०१५ च्या फेब्रुवारीत फेसबुकची मोफत इंटरनेट योजना भारतात आली ती सहा राज्यांत, आणि त्यात महाराष्ट्र होता. पुढे तिचं नाव फ्री बेसिक्स झालं. मोफत काय मिळेल हे कंपनीने ठरवलेल्या चौकटीत होतं. ८ फेब्रुवारी २०१६ ला दूरसंचार नियामक ट्रायने असा भेदभावाचा दर बेकायदा ठरवला. फोनच्या पडद्यावर जागा मिळाली नाही, तेव्हा फोनच्या खालच्या जाळ्यातून शिरायचा तो प्रयत्न होता, असं मी त्याकडे बघतो.

आणि आता फोनच्या वरून प्रयत्न चालू आहे, नाकावरून. रे-बॅनबरोबरचे कॅमेऱ्याचे चष्मे मेटाने २०२१ मध्ये आणले. ते चालवायला ॲप लागतं आणि ते ॲप आयफोनवर किंवा अँड्रॉइडवरच बसतं, म्हणजे गाळा अजून भाड्याचाच. पण मला रस आहे तो त्या चष्म्यावरच्या दिव्यात. चित्रीकरण चालू असलं की समोरच्याला कळावं म्हणून एक बारीक दिवा लागतो. तो फारच बारीक आहे, रस्त्यावरच्या माणसाला कळणार कसं, असं आयर्लंड आणि इटलीच्या नियामकांनी त्याच वर्षी विचारलं. २०२३ च्या नव्या चष्म्यात दिवा मोठा झाला आणि तो झाकला तर कॅमेरा चालेना.

सोशल मीडिया कंपनीने स्वतःचा फोन काढावा का, याला माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. पण या सभागृहातल्या कोणाला ती नोकरी मिळाली तर जरूर घ्या; पगार चांगला असतो, आईवडिलांनी फीचे हप्ते भरलेले आहेत. त्या दिव्याचा आकार किती मिलिमीटर ठेवायचा, यावर अशा कंपनीत तास-तासभर बैठका होत असणार. बॅटरीचं गणित मांडणारा एक जण असेल, रूपाचं बघणारा एक, वकील एक. रस्त्यावरच्या त्या समोरच्या माणसासाठी तिथं खुर्ची नसते.

 कुलसचिव घड्याळ बघताहेत आणि पदव्यांची यादी लांब आहे.