अलार्म टांगल्यानंतर

शिरूर अनंतपाळ परिसरातील जुन्या माळवदांना (मातीच्या छताच्या घरांना) साणे, म्हणजे धूर बाहेर जाण्यासाठी व उजेड आत येण्यासाठी छतात ठेवलेले भोक, असे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर जड मातीच्या छताची धास्ती बसून पत्र्याची व स्लॅबची घरे वाढली, ते योग्यच झाले, परंतु माळवदाबरोबर साणेही गेले आणि थंडीत बंद खोलीत ठेवलेल्या शेगडीचा किंवा न्हाणीघरातील गॅस गिझरचा वायू आतच कोंडू लागला. कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे इंधन अर्धवट जळाल्याने तयार होणारा विषारी वायू, रंगहीन व गंधहीन असून रक्तातील हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने धरून ठेवते. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, तसा इशारा येथे मिळत नाही.

ज्यांनी घरात धुराचा किंवा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसविला आहे त्यांचे कौतुकच, मात्र तो टांगला की काम संपले ही समजूत घातक आहे. अलार्म हा शेतातला जागल्या होय: त्याला भाकरी द्यावी लागते, म्हणजे सेल वेळेवर बदलावा लागतो, तो जागा आहे का हे हाक मारून पाहावे लागते, म्हणजे महिन्यातून एकदा चाचणीचे बटण दाबावे लागते, त्याच्या तोंडावरची घोंगडी, म्हणजे जाळीवर बसलेली धूळ व कोळिष्टके, काढावी लागते, आणि ठेच्याची मिरची भाजताना तो ओरडला म्हणून त्याची भाकरीच काढून घेणे हा तर शुद्ध अविचार होय, कारण अशा वेळी यंत्र चुलीपासून दूर हलविणे पुरेसे असते.

तथापि हाकेला ओ देणारा जागल्याही म्हातारा होतो, आणि हे सांगणे भाग आहे. बटण दाबल्यावर भोंगा वाजला तर सेल व भोंगा ठीक आहेत एवढेच बहुधा कळते. वायू ओळखणारा भाग, म्हणजे संवेदक, निकामी झाला असला तरी भोंगा वाजू शकतो. म्हणून यंत्राच्या पाठीवरील तारीख वाचावी: धुराचा अलार्म दहा वर्षांनी बदलावा, तर कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मची मुदत उत्पादकानुसार साधारण पाच ते दहा वर्षे असते. तारीख वाचावी, केवळ बटण दाबून समाधान मानू नये. गॅसगळतीचा अलार्म या वायूसाठी चालत नाही, हेही ध्यानात असावे. गिझर कोठे बसवावा हा विषय मोठा आहे. तूर्त तो न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत असावा, एवढेच.