गालाच्या आतला चट्टा

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मुळशीच्या वाड्यावस्त्यांवरून पौडला, पुण्याला येणारी एसटी थांबली. आशाताई दारोदार फिरत होत्या, पण कोरोनाच्या सर्वेक्षणासाठी. रोज तंबाखूची मिश्री लावणाऱ्या एखाद्या मावशीच्या गालात आतून पांढरा चट्टा उठतो. तो दुखत नाही, म्हणून ‘कोरोना सरू दे, मग बघू’. पण असा चट्टा तोंडाच्या कर्करोगाची सुरुवात असू शकतो.

देशातल्या ४१ कर्करोग केंद्रांत मार्च ते मे २०२० मध्ये नव्या रुग्णांची नोंद आदल्या वर्षापेक्षा ५४ टक्क्यांनी घटली. रोग कुठे घटला होता? माणसंच दवाखान्यापर्यंत पोचली नाहीत.

तोंडाची पहिली तपासणी बॅटरीच्या उजेडात होते, दोन मिनिटांत. चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत गेली नाही किंवा तोंड पूर्वीइतकं उघडेना, तर मावशी, पौडच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवून या.