तान्ह्या बालकाच्या अंगावरील लाल गाठ
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आम्ही वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेले निवृत्त मास्तर आहो. तथापि ज्या विषयापायी घराघरांतून सुनांना बोल लागतो, तो येथे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रत्येक रक्तवाहिनीस आतून पेशींचे अत्यंत पातळ अस्तर असते. त्या पेशी बेसुमार वाढल्या म्हणजे जी गाठ होते, तिला वैद्यकात हिमॅन्जिओमा म्हणतात. शंभर तान्ह्या मुलांत सुमारे चार-पाचांस ती होते. मुलींत व अपुऱ्या दिवसांच्या बालकांत अधिक. जन्मतः बहुधा पुसट डाग असतो; काही आठवड्यांत तो तुतीच्या फळासारखा लाल होऊन फुगतो. मग जिंतूर काय नि गंगाखेड काय, गर्भारपणी ग्रहण पाळले नाही, असा ठपका मातेवर येतो. त्या माउलीचा यात कवडीचाही दोष नाही.

बहुतेक वाढ पहिल्या पाच महिन्यांत होते. पुढे गाठ आपोआप ओसरू लागते व चौथ्या वर्षापर्यंत पुष्कळशी जिरते. मसावर करतात तसे चुना लावणे, घोड्याचा केस आवळणे, किंवा डाग देणे येथे सर्वथैव वर्ज्य. गाठ रक्ताने भरलेली असते.

परंतु ‘आपोआप जाईल’ हे वाक्य सर्वत्र लागू नाही. पापणीवरील गाठीने डोळा झाकला गेला, तर तो कायमचा अधू होऊ शकतो. ओठ, नाक, गळा येथील गाठ, किंवा अंगावर पाच वा अधिक गाठी दिसल्यास पहिल्या महिन्यातच डॉक्टरांस दाखवावे. फ्रान्समधील बोर्दो येथे डॉ. क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ यांस दिसलेले एक नवल २००८ साली प्रसिद्ध झाले. हृदयविकारासाठी एका बालकास प्रोप्रॅनोलॉल दिले, तो गाठच ओसरू लागली! आज हेच मुख्य औषध होय. मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे; बाळ उपाशी असता दिल्यास रक्तातील साखर धोकादायक उतरते.

याच अस्तराचा कर्करोगही असतो, अँजिओसार्कोमा. तो फार विरळ. वृद्धांच्या डोक्यावर वा चेहऱ्यावर मार न लागता निळसर डाग उठून पसरत राहिला, तर हयगय करू नये. अमेरिकेत लुईव्हिल येथील कारखान्यात, ज्या वायूपासून प्लॅस्टिकच्या नळ्यांचा माल होतो त्या व्हिनाइल क्लोराइडमुळे, कामगारांच्या यकृतात हाच रोग झाल्याचे १९७४ साली उघडकीस आले. (शेतातील तयार नळ्यांची ही गोष्ट नव्हे.)

परभणीस २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पुढील तपासासाठी छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, तसेच मुंबईस परळ येथे १९४१ पासूनचे टाटा स्मारक रुग्णालय आहे. जाताना आधीचे सर्व कागद व गाठीचे तारीखवार फोटो सोबत न्यावेत.