उघड्यावरचा चहा



नोकरीच्या निमित्ताने परप्रांतात आलेल्या जुन्या पिढीतील अनेक मराठी घरांत बिऱ्हाड लावताना पहिला मान स्टोव्हचा असे. बांधलेले सामान सुटण्यापूर्वी चहा होई. स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी १८९२च्या सुमारास घडवलेला असा स्टोव्ह ‘प्रायमस’ या नावाने जगभर पोहोचला. पंपाच्या दाबाने वर चढलेल्या रॉकेलची तापलेल्या बर्नरमध्ये वाफ होते आणि काजळी न धरणारी निळी ज्योत मिळते. या लहानशा साधनाने चूल डोंगरमाथ्यावर नेली.

घरी शेगडीवर चहा सहज होतो. उघड्यावर तो कष्टाने करावा लागतो. वारा कोठून येतो ते पाहायचे, खडकाचा आडोसा शोधायचा, काकड्याने बर्नर तापवायचा, पातेल्यावर झाकण ठेवायचे. ३००० मीटर उंचीवर पाणी सुमारे ९० अंश सेल्सिअसलाच उकळते. म्हणून चहा उतरायला अधिक वेळ लागतो. तेवढा वेळ सर्वजण स्टोव्हभोवती बसतात. गप्पा निघतात, आणि पहिला पेला सर्वांत दमलेल्याच्या हाती जातो. उघड्यावरच्या चहाची गोडी या वाट पाहण्यात आणि वाटून घेण्यात आहे.

या लहान ज्योतीचे मोल एव्हरेस्टवर कळते. मे १९५२ मध्ये तेनसिंग नोर्गे आणि स्विस गिर्यारोहक रेमंड लँबर्ट यांनी सुमारे ८४०० मीटर उंचीवर एक रात्र स्टोव्हविना काढली. मेणबत्तीवर बर्फ वितळवून घोटभर पाणी मिळाले. दुसऱ्या दिवशी त्यांना शिखराखालून परतावे लागले. पुढील वर्षीच्या ब्रिटिश मोहिमेत शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी भरपूर द्रवपदार्थ घेण्याचा आग्रह धरला. २९ मे १९५३च्या पहाटे शेवटच्या तळावर स्टोव्ह पेटला. तेनसिंग व एडमंड हिलरी गरम पेय प्याले, हिलरी यांचे गोठलेले बूट त्याच ज्योतीवर मऊ झाले आणि दोघे शिखरावर पोहोचले. यशाला इतरही कारणे होती. परंतु त्यांत स्टोव्हचा वाटा लहान नव्हता.

मुलांच्या हाती काडेपेटी देण्यास पालक कचरतात. ती भीती निराधार नाही. बंद तंबूत स्टोव्ह पेटवल्यास विषारी कार्बन मोनॉक्साइड साचतो. वाळलेल्या गवताजवळची ठिणगी वणवा लावते. परंतु ही जाण केवळ पुस्तकातून येत नाही. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली एकदा स्वतः चहा केलेल्या मुलाला विस्तवाची जरब आणि पाण्याची किंमत दोन्ही समजतात. निघताना स्टोव्ह पूर्ण निवला आहे ना, जागा स्वच्छ आहे ना, हेही ते पाहू लागते.

येत्या सुटीत प्रत्येक पालकाने मुलांना एकदा तरी मोकळ्या माळावर न्यावे, चहा मुलांनाच करू द्यावा, आणि तो थोडा पाणचट झाला तरी आनंदाने प्यावा.