रेडिओ-नियंत्रित नौका आणि विजेचे जुळते जोड

(प्राथमिक शिक्षकांच्या विज्ञान-उजळणी वर्गातील भाषणाचा मजकूर)



सन 1898 मध्ये न्यूयॉर्क शहरातील मॅडिसन स्क्वेअर गार्डन येथे भरलेल्या विद्युत् प्रदर्शनात निकोला टेस्ला या संशोधकाने पाण्याच्या हौदात एक लहानशी नौका सोडली आणि तिला हात न लावता, तार न जोडता, रेडिओ-लहरींनी चालवून दाखविली. त्याच वर्षी 8 नोव्हेंबर रोजी अमेरिकेत त्याला या शोधाचे पेटंट मिळाले. त्या काळी जे पाहून लोक थक्क झाले, ते आज खेड्यातील सातवीचा मुलगा शाळेच्या विज्ञान-मंडळात करू शकतो. पाइपाचा तुकडा, थर्माकोल, लहान मोटर, बॅटरी व रेडिओ-संच एवढे साहित्य मिळाले, की नौका उभी राहते. परंतु नौका उभी राहणे निराळे आणि ती पैलतीरावरून परत येणे निराळे. या दोहोंतील अंतर पुष्कळदा एका क्षुल्लक दिसणाऱ्या वस्तूवर अवलंबून असते. ती वस्तू म्हणजे दोन तारा एकत्र आणणारा जोड, ज्याला बाजारात कनेक्टर म्हणतात.

एका शाळेत घडलेला प्रसंग या बाबतीत बोधप्रद आहे. तेथील गुरुजींनी मुलांच्या मदतीने नौका तयार केली. मोटरचा वेग सांभाळणारे यंत्र, म्हणजे वेगनियंत्रक, एका दुकानातून आले होते व बॅटरी दुसऱ्या दुकानातून. एकाचा जोड चौकोनी व रुंद, तर दुसऱ्याचा लहान व इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा. दोन्ही एकमेकांत बसेनात. मुले तर तळ्यावर जाण्यासाठी उतावीळ झालेली. तेव्हा दोन्ही जोड कापून टाकून तारांना पीळ देण्यात आला व वर चिकटपट्टी गुंडाळण्यात आली. नौका सुटली, मुलांनी टाळ्या वाजविल्या. आणि तळ्याच्या मध्यावर जाऊन ती एकाएकी थांबली. सुकाणूही हलेना.

एका मुलाने सदरा काढला आणि म्हटले, “गुरुजी, मला पोहता येतं. मी जाऊन आणतो.”

गुरुजींनी त्याचा हात धरला. “थांब रे बाळ. नौका दुसरी करता येईल.”

सगळे काठावर बसून राहिले. दिवस कलताना वाऱ्याने नौका काठाला लागली. ती उघडली तेव्हा पिळाच्या जागी चिकटपट्टी मऊ होऊन सरकलेली व एक तार सुटलेली आढळली. जोडातील एका चुकीने एक मूल खोल पाण्यात उतरण्याच्या बेतात होते, ही गोष्ट गुरुजींच्या मनातून गेली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात त्याच नौकेवर पाठ घेतला.

त्या पाठाचे सार असे. जेथे दोन तारांचा स्पर्श ढिला असतो, तेथे विजेच्या प्रवाहाला रोध होतो व रोधामुळे उष्णता उत्पन्न होते. समजा, जोडाचा रोध 0.02 ओहम आहे व प्रवाह 10 अँपिअर आहे. प्रवाहाचा वर्ग करून त्याला रोधाने गुणले असता 2 वॅट उष्णता येते. प्रवाह 20 अँपिअर झाला, की तीच उष्णता 8 वॅट होते. प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. पंख्यात गवत अडकून मोटरवर भार आला, की प्रवाह असाच वाढतो, पीळ तापतो व अधिक ढिला होतो. शिवाय पुष्कळ नौकांत रेडिओच्या ग्राहकयंत्राला वीज वेगनियंत्रकातूनच मिळते. म्हणून मुख्य जोड सुटला, की मोटरबरोबर सुकाणूही निर्जीव होते.

आता जोड जुळविण्याची रीत पाहावयाची.

पहिली गोष्ट, शाळेने एकच जातीचा जोड निवडावा व बॅटऱ्या, वेगनियंत्रक आणि चार्जरची तार या सर्वांना तोच लावावा. एक्सटी-60 नावाचा पिवळा जोड या कामी सोयीचा आहे. तो सुमारे 60 अँपिअरच्या प्रवाहासाठी बनविलेला असून त्याची एक बाजू निमुळती असल्याने उलटा बसत नाही. दोन टोकांना दोन जातींचे जोड असलेली आखूड मधली तार बाजारात मिळते. परंतु ती तात्पुरती सोय समजावी, कारण प्रत्येक वाढीव जोड ही बिघाडाची वाढीव जागा होय.

दुसरी गोष्ट, जोडाच्या ज्या अर्ध्या भागातील धातू प्लास्टिकच्या आत झाकलेला राहतो, तो भाग नेहमी बॅटरीकडे असावा. बॅटरीत वीज सदैव असते. तिच्या खुंट्या उघड्या राहिल्या, तर खिशातील एखादी किल्लीही दोन ध्रुव एकत्र आणू शकते.

तिसरी गोष्ट, बॅटरीच्या दोन्ही तारा कात्रीने एकदम कधीही कापू नयेत. कात्रीचे पातेच दोन्ही तारांना जोडते व ठिणगी उडते. लिथियम-पॉलिमर जातीची बॅटरी अशा वेळी फुगते व पेटूही शकते. एक तार कापावी, तिला जोड लावून झाकावी, मगच दुसरीला हात घालावा. हे काम शिक्षकांनी स्वतः करावे. मुलांनी डाख देण्याचा सराव सुट्या तारांवर करावा.

चौथी गोष्ट, डाख देण्यापूर्वी तारेवर उष्णतेने आकसणारी नळी ओवून ठेवावी. मागाहून ती ओवता येत नाही. डाख देताना जोडाचा दुसरा अर्धा भाग आत बसवून ठेवावा, म्हणजे प्लास्टिक मऊ झाले तरी खुंट्या वाकड्या होत नाहीत. डाख निवाल्यावर तार ओढून पाहावी.

पाचवी गोष्ट, रंगावर विसंबू नये. तांबडी तार धन व काळी ऋण हा संकेत खरा; परंतु जोड लावणाऱ्याच्या हातून चूक होऊ शकते. बॅटरी प्रथम जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने धन-ऋण तपासावे. उलट जोडणीने वेगनियंत्रक क्षणात जळतो. सुकाणू हलविणाऱ्या सर्व्होच्या तीन तारांत तांबडी, म्हणजे धन तार, मध्ये असते; काळी किंवा तपकिरी ऋण व पिवळी, नारिंगी किंवा पांढरी संदेशाची. ग्राहकयंत्रावरील खुणा पाहूनच ती खोचावी. बॅटरीला असलेला लहान पांढरा जोड चार्ज करताना घटांचा समतोल राखण्यासाठी असतो; त्यावर मोटर कधीही जोडू नये.

प्रथम हातातील प्रक्षेपकयंत्र सुरू करावे, मग नौकेतील बॅटरी जोडावी. परत आल्यावर उलट क्रम ठेवावा. खाडीच्या खाऱ्या पाण्याने जोडावर हिरवी पुटे चढतात, म्हणून बॅटरी काढून घेतल्यावर नौका गोड्या पाण्याने पुसून जोड कोरडे करावेत. आणि काठावर एक चेंडू बांधलेली लांब दोरी असावी. थांबलेल्या नौकेपलीकडे चेंडू फेकून ती ओढून आणता येते. मूल पाण्यात उतरणार नाही, हा नियम नौका सुटण्यापूर्वीच सर्वांकडून वदवून घ्यावा.

त्या शाळेतील मुलांनी पुढे दोन्ही टोकांना नवे जोड लावून घेतले. सदरा काढणाऱ्या मुलाकडे गुरुजींनी मल्टिमीटर दिला आणि त्याने “बरोबर आहे” म्हटल्याखेरीज नौका पाण्यात सोडावयाची नाही, असे ठरले. पहिल्या दिवशी त्याने तीनदा तपासले. इतर मुले कुरकुरली, पण थांबली.

विज्ञान-शिक्षणाचा हेतू याहून निराळा नाही. नौका आज आहे, उद्या मोडेल; परंतु घाई होत असताही थांबून जोड तपासण्याची सवय मुलाच्या हातात राहील. पुढे तो शेतावरील पंपाची पेटी उघडील, घरातील विजेच्या खटक्याला हात घालील, तेव्हा हीच सवय त्याचे रक्षण करील. ती त्याला लावणे हे शिक्षकाचे काम आहे.