आश्रयार्थी कुटुंबे आणि स्थानबद्धतेचा कायदा



आजचा विषय आपल्यापासून फार दूरचा आहे, असे काही श्रोत्यांना वाटले असेल. ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वाडोर या देशांतील कुटुंबे अमेरिकेच्या दक्षिण सीमेवर येतात. त्यांच्याविषयी वॉशिंग्टनमध्ये कायदे होतात. त्यांचा आपल्याशी काय संबंध? परंतु ‘स्थानबद्ध’ हा शब्द आपल्या कानांना नवा नाही. १९५० साली आपल्या संसदेने प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा केला आणि १९७५ च्या आणीबाणीत तर या शब्दाची ओळख घरोघरी पटली. गुन्हा शाबीत झालेला नसताना माणसाला अडकवून ठेवणे, हा त्याचा अर्थ आपण जाणतो. या शब्दाला ‘कुटुंब’ हा शब्द जोडला म्हणजे काय होते, याचाच विचार आज आपल्याला करावयाचा आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. १९८५ साली एल साल्वाडोरमधून आलेल्या पंधरा वर्षांच्या एका मुलीला कॅलिफोर्नियात अडकवून ठेवण्यात आले. मूल सोडावयाचे ते फक्त आईबापांच्या किंवा कायदेशीर पालकांच्या स्वाधीन, असा सरकारी नियम होता. आता ज्या आईजवळ स्वतःचीच कागदपत्रे नाहीत, ती कचेरीची पायरी चढणार कशी? या मुलीच्या आडनावावरून फ्लोरेस खटला म्हणून ओळखला गेलेला हा वाद बारा वर्षे चालला. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने कौल दिला. तरीही १९९७ मध्ये उभयपक्षी तडजोड झाली. मुलाला अनावश्यक विलंब न लावता सोडावे, आणि ते शक्य नसेल तेव्हा बालसंगोपनाचा परवाना असलेल्या ठिकाणी ठेवावे, असे त्यात ठरले. हा काँग्रेसने केलेला कायदा नव्हे, न्यायालयाच्या देखरेखीखालील करार आहे, हे आपण ध्यानात ठेवावे.

२०१५ मध्ये न्यायाधीश डॉली गी यांनी निर्णय दिला की, हा करार आईबापांबरोबर आलेल्या मुलांनाही लागू आहे. त्यातूनच वीस दिवसांची मर्यादा रूढ झाली. पुढच्या वर्षी वरिष्ठ न्यायालयाने हे मान्य केले, परंतु या करारामुळे आईबापांना सुटकेचा हक्क मिळत नाही, असेही सांगितले. पेच पडला तो येथे. मूल सुटू शकते, आई सुटेलच असे नाही.

२०१८ मध्ये या पेचाचे दोन्ही भयंकर अर्थ जगाने पाहिले. वसंत ऋतूत सरकारने बेकायदा सीमा ओलांडणाऱ्या प्रत्येक प्रौढावर फौजदारी खटला भरण्याचे ठरविले. आईबाप तुरुंगात गेले आणि मुले दुसऱ्या खात्याच्या ताब्यात गेली. हजारो मुलांची अशी ताटातूट झाली. लोकक्षोभ उसळला, तेव्हा २० जूनला अध्यक्षांनी हुकूम काढला: यापुढे कुटुंबे एकत्र ठेवावीत, म्हणजे एकत्र स्थानबद्ध करावीत. फ्लोरेस करार शिथिल करावा ही सरकारची मागणी न्यायाधीश गी यांनी ९ जुलैला फेटाळली. तत्पूर्वी प्रतिनिधिगृहात दोन विधेयके आली होती. पहिले २१ जूनला १९३ विरुद्ध २३१ मतांनी पडले. दुसरे, ज्यात कुटुंबांना एकत्र स्थानबद्ध करण्याची तरतूद होती, ते २७ जूनला १२१ विरुद्ध ३०१ मतांनी पडले.

येथे आम्हांस ‘एकत्र’ या शब्दाकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. एकत्र कुटुंब म्हटले की आपल्या मनात जिव्हाळा दाटून येतो. परंतु एकत्र, ते कोठे? टेक्सासमधील टेलर गावी जुन्या तुरुंगाच्या इमारतीत २००६ पासून कुटुंबे ठेवली जात. तेथे मुलांच्या अंगावर कैद्यांसारखे कपडे होते. २००७ मध्ये मुलांच्या वतीने खटले झाले, सुधारणा मान्य कराव्या लागल्या आणि २००९ मध्ये तेथे कुटुंबे ठेवणे बंद झाले. पाच वर्षांनी त्याच राज्यात डिली येथे चोवीसशे माणसांच्या सोयीचे केंद्र उभे राहिले. २०१७ मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने स्पष्ट केले की, स्थानबद्धतेचा कोणताही अवधी मुलांना निर्धोक असल्याचा पुरावा नाही.

दुसरी बाजूही नीट ऐकली पाहिजे. सरकार म्हणते, मूल बरोबर असले की सुटका होते असे दिसले, तर लोक मुलांना घेऊन जीवघेण्या वाटेने निघतील. आणि सोडलेली माणसे सुनावणीला आलीच नाहीत, तर कायद्याला अर्थ काय? ही शंका पोकळ नाही. जून २०१९ मध्ये भारतातून निघालेली सहा वर्षांची एक मुलगी ॲरिझोनाच्या वाळवंटात उष्णतेने मरण पावली. आई पाण्याच्या शोधात गेली होती. सीमा राखण्याचा राष्ट्राचा अधिकार आम्ही नाकारीत नाही.

पण कोंडणे आणि मोकाट सोडणे यांच्यामध्ये तिसरी वाट होती, आणि ती चालून पाहिलेली होती. २०१६ च्या जानेवारीपासून पाच महानगरांच्या परिसरात कुटुंबांना समाजातच राहू देऊन त्यांच्यामागे एकेक मार्गदर्शक कार्यकर्ता दिला. सुनावणी केव्हा, वकील कोठे मिळेल, मुलाला शाळेत कसे घालावे, हे तो सांगे. नेमून दिलेल्या भेटींना हजर राहण्याचे प्रमाण ९९ टक्के होते. खर्च दर कुटुंबामागे दिवसाला सुमारे ३६ डॉलर. उलट कौटुंबिक केंद्रात दर माणसामागे ३०० डॉलरहून अधिक. तरीही जून २०१७ मध्ये ही योजना बंद केली गेली. म्हणजे ताटातुटीचे धोरण येण्यापूर्वीच वर्षभर आधी, ते टाळण्याचा मार्ग मोडून टाकलेला होता.

२०२१ च्या अखेरीस कुटुंबांची स्थानबद्धता थांबली. २०२५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि डिलीचे केंद्र उघडले. त्या जुलैत काँग्रेसने स्थानबद्धतेच्या सोयींसाठी ४,५०० कोटी डॉलर मंजूर केले. त्यांत कौटुंबिक केंद्रेही आली. ऑगस्टमध्ये फ्लोरेस करार रद्द करण्याची सरकारची विनंती न्यायालयाने पुन्हा अमान्य केली.

श्रोतेहो, कायदा करणारे जेव्हा म्हणतात की, ‘ताटातूट नको ना? मग एकत्र कोंडण्याची परवानगी द्या,’ तेव्हा ते दोनच दारे दाखवितात. नागरिकाने तिसऱ्या दाराची चौकशी केली पाहिजे. हे कुटुंब किती दिवस राहील? राहण्याची जागा कोण तपासील? आणि न कोंडता सुनावणीस हजर ठेवण्याचा प्रयत्न आधी झाला काय? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या विधेयकात नाहीत, त्यावर ‘एकत्र’ हे नाव कितीही ठळक लिहिलेले असो, ते मुलाच्या हिताचे आहे असे मानण्यास आम्ही तयार नाही. स्थानबद्धता कोणत्याही देशातील असो, हेच प्रश्न विचारावे लागतात, आणि म्हणून हा विषय आम्ही आपल्यापुढे मांडला.