काळजी : एका शब्दाचे मूळ आणि शिक्षकाचे कर्तव्य



मनाच्या अस्वस्थतेला मराठीत अनेक नावे आहेत : चिंता, फिकीर, घोर, विवंचना, धास्ती, हुरहूर. त्यांतील घरोघर बोलला जाणारा शब्द म्हणजे ‘काळजी’. तो इतका परिचयाचा आहे की, त्याच्या मुळाचा विचार सहसा होत नाही. वर्गात तो केल्यास भाषेचा एक पाठ होतोच. शिवाय मुलाच्या मनापर्यंत पोहोचण्याची एक वाटही सापडते.

‘चिंता’ हा शब्द विचार करणे या अर्थाच्या ‘चिन्त्’ या संस्कृत धातूपासून झाला. ‘चिंतन’ही त्याच धातूचे. ‘फिकीर’ अरबीतून फारसीच्या मार्गाने मराठीत आली. तिचाही मूळ अर्थ विचार असाच. म्हणजे हे दोन्ही शब्द बुद्धीच्या व्यापारातून निघाले. ‘काळजी’चे मूळ मात्र शरीरात आहे, ते म्हणजे काळीज. संस्कृतात यकृताला ‘कालेय’ असे एक नाव आहे. मराठीतील काळीज आणि हिंदीतील कलेजा हे त्याच कुळातील शब्द होत. प्राचीन काळी अनेक देशांत यकृत हे भावनेचे स्थान मानले जाई. म्हणूनच यकृतवाचक फारसी ‘जिगर’ शब्दाला धैर्य हा अर्थ आला. मराठी बोलण्यात काळीज म्हणजे हृदय झाले, आणि त्यात धस्स होऊ लागले, त्याचे पाणी होऊ लागले.

या शब्दाचा आणखी एक विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. ज्याला चिंता नाही तो निश्चिंत. ही सुखाची स्थिती होय. पण ज्याला काळजी नाही तो निष्काळजी. हा दोष होय. असे का? कारण काळजी ‘करणे’ वेगळे आणि काळजी ‘घेणे’ वेगळे. पहिल्यात मनुष्य एकटाच झुरतो. दुसऱ्यात तो कोणासाठी तरी हातपाय हलवितो. एकाच शब्दाने व्यथा आणि जिव्हाळा दोन्ही सांगितले आहेत.

तुमसर तालुक्यातील चिखला येथे मँगनीजची भूमिगत खाण आहे. पाळीवर गेलेला बाप वर येईपर्यंत अशा गावी घरच्यांचे काळीज दाराशी लागलेले असते. त्या घरातील मूल पाढे म्हणताना अडखळले, तर ते मंद आहे असा निष्कर्ष घाईने काढू नये. लहान मुलाला ‘मला काळजी वाटते’ असे सांगता येतेच असे नाही. पुष्कळदा ते ‘पोटात दुखते’ एवढेच म्हणते. ते ढोंग समजून त्यास दटावू नये. दुखणे आहे का ते आधी पाहावे. नसल्यास जवळ बसवून घरची विचारपूस करावी. आपल्या पूर्वजांनीही मनाच्या दुखण्याला शरीरातील अवयवाचेच नाव दिले होते, हे येथे आठवावे.

फळ्यावर ‘करणे’ आणि ‘घेणे’ असे दोन शब्द लिहून मुलांकडून वाक्ये करवून घ्यावीत. मुलाला आपल्या व्यथेचे नाव उच्चारता आले की ती थोडी हलकी होते. मूल जी काळजी करीत आहे, ती ओळखून त्याची काळजी घेणे, हेच शिक्षकाचे पहिले काम होय, पाढे त्यानंतर.